एका पातेल्यातलं सूप

खराडीच्या सोजरबाईंचं सुपाबद्दलचं मत लग्नाच्या लॉनवर बनलेलं होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं. नगर रस्त्याच्या कडेला जिथं पूर्वी ज्वारी उभी असायची, तिथं लॉनं झाली, आणि लग्नात वाढपी ट्रे घेऊन खुर्च्यांमधून फिरायला लागले. सोजरबाई एक कप उचलायच्या, दोन घोट घ्यायच्या आणि शेजारच्या बाईला म्हणायच्या, "पावण्याला आदी पाणी पाजायचं, म्हंजी जेवण कमी लागतंय. हुशार हायेत." घरी असलं काही करण्याचा प्रश्नच नव्हता. घरी दोन्ही वेळेला भाकरी आणि कालवण, आणि कालवणावर तर्री नसेल तर ते कालवणच नव्हे, असा त्या घराचा कायदा होता.

दोन हजार आठच्या जानेवारीत मात्र हेच सूप त्यांच्या मानगुटीवर बसलं.

त्यांचे यजमान गेनबा यांनी चाळीस वर्षं गालात तंबाखू धरली होती. त्या गालाचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं, जबड्याचा तुकडा गेला, मग तीस वेळा रेडिएशनचा शेक दिला. तोंड आतून सोलून निघालं. एकेकाळी ज्वारीचं पोतं एकट्यानं पाठीवर घेणारा माणूस हॉस्पिटलच्या काट्यावर उभा राहिला, तेव्हा काट्यानं त्रेचाळीस किलो दाखवले.

"मावशी, तीन आठवड्यांनी परत या," डॉक्टर सोजरबाईंना म्हणाले. "वजन याच्या खाली गेलेलं दिसलं, तर मी थांबणार नाही. पोटातून नळी घालू आणि नळीतून अन्न देऊ. एवढ्या अशक्त माणसाला पुढचे उपचार झेपायचे नाहीत."

बाहेर बाकावर बसल्यावर गेनबांनी बायकोचा हात धरला. जीभ वळत नव्हती, तरी शब्द नीट कळले. "नळी न्हाय. त्यापरीस मेल्यालं बरं."

"मरायचं काय ते मागनं बघू," सोजरबाई म्हणाल्या. "आदी घरी चला."

बोलताना त्यांचा आवाज खणखणीत होता. नवरा एकदा नाही म्हणाला की नाहीच, हे त्यांना पस्तीस वर्षांच्या संसारात पुरतं ठाऊक होतं. म्हणजे नळीची वेळच येऊ द्यायची नाही. तीन आठवडे. त्यांनी पदर खोचला.

सुरुवात सुनेच्या पाकिटांपासून झाली. शेफाली तिथल्याच आयटी पार्कात एका कंपनीच्या मदतकेंद्रात कामाला होती. ती येताना सुपाची सहा पाकिटं घेऊन आली. टोमॅटोचं सूप तोंडाला लागताच गेनबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दुसऱ्यात मीठच मीठ. सोजरबाईंनी उरलेली पाकिटं माळ्यावर टाकली आणि हॉस्पिटलातल्या आहाराच्या बाईंनी सांगितलेलं आठवलं. तिखट नको, आंबट नको, पण नुसतं पाणीही पाजू नका.

मग त्यांनी स्वतःचं सूप बसवलं. मुगाची डाळ, मूठभर तांदळाची कणी, लाल भोपळा, दुधी आणि रात्रभर भिजवलेले शेंगदाणे, सगळं कुकरमध्ये घालून सहा शिट्ट्या. मिक्सर तापून वास मारेपर्यंत फिरवायचा. मग पुरणाच्या चाळणीतून सगळं दाबून काढायचं, कारण कणीएवढं खरखरीत राहिलं तरी तोंडात काचेसारखं टोचायचं. वरून घरचं तूप, चिमूटभर मीठ, जिऱ्याची पूड. रविवारी मटणाचं अळणी, म्हणजे फोडणीआधीचं नुसतं हळद-मिठातलं पाणी, आणि त्यातच मटणही लोण्यासारखं वाटून. चव घेतली तेव्हा सोजरबाईंना स्वतःलाच नवल वाटलं. चांगलं लागत होतं की!

पण गेनबा तीन चमचे घ्यायचे आणि भिंतीकडं तोंड करायचे. दुखतं म्हणावं तर औषधानं दुखणं उतरलं होतं. सोजरबाईंनी विनवलं, दटावलं, शपथा घातल्या. आठवडा गेला. शेफालीनं वजनाचा छोटा काटा आणला होता, त्यावर गेनबांना उभं केलं. साडेएकेचाळीस.

त्या संध्याकाळी साडेसहालाच, रोजच्यासारखं, सोजरबाई वाटी घेऊन आतल्या खोलीत गेल्या. गेनबांनी ती घेतली नाही. उठले आणि भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आले. शेगडीवर दोन भांडी होती. मोठ्या पातेल्यात घराचं कालवण रटरटत होतं. शेजारी नवं कोरं छोटं पातेलं, त्यांच्या एकट्याचं. त्यांनी मोठ्या पातेल्यावरचं झाकण उचललं, आत पाहिलं आणि परत ठेवलं. मग छोट्या पातेल्याकडं बोट केलं.

"माजी चूल कवा येगळी केली?"

सोजरबाईंनी हातातली वाटी शेगडीशेजारी ठेवली. चूक झाली होती, आणि ती अगदी मायेनं झाली होती. भांडी स्वच्छ ठेवा, उकळून घ्या, असं हॉस्पिटलात सांगितलं होतं, म्हणून त्यांनी नवं पातेलं, नवी वाटी, नवा चमचा आणला. फोडणीच्या वासानं नवऱ्याचा जीव तळमळू नये म्हणून त्याला सगळ्यांच्या आधी, आतल्या खोलीत, एकट्याला वाढलं. आणि तो माणूस कोण? ज्यानं कधीकाळी अठरा माणसांच्या पंगतीत भिंतीशी पहिलं पान घेऊन, सगळ्यांना वाढलं की नाही ते बघून मगच पहिला घास मोडला, तो.

कंपन्यांसाठी जमिनी गेल्या, त्या वर्षी गेनबांच्या धाकट्या भावानं वाटणी मागितली होती. त्याची सुरुवातही भांड्यापासूनच झाली. एके सकाळी भावजय शकूनं ओसरीच्या दुसऱ्या टोकाला स्टोव्ह मांडला आणि त्यावर वेगळं पातेलं चढवलं. कुणी काही बोललं नाही. बोलायला लागतच नाही, गावात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. गेनबा त्या दिवशी उपाशी राहिले होते.

आता त्यांच्याच घरात, त्यांच्याच बायकोनं ते पातेलं चढवलं होतं. सोजरबाईंना इतकी लाज वाटली, की आधी रागच आला, स्वतःचा आणि हॉस्पिटलचा आणि त्या चकचकीत पातेल्याचा. त्यांनी ते उचलून मोरीत टाकलं.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी सगळ्यांना ऐकवलं, "उद्यापास्नं घरात येकच पातेलं चढंल. सुपाचं. पंधरा दिस. तुमच्या आण्णांनी जे खायाचं, त्येच समद्यांनी."

समर्थचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, घास हातातच राहिला. तो कंपन्यांच्या नोकरदारांना ने-आण करणाऱ्या गाड्या चालवायचा. "आई, मी दिवसभर गाड्यांच्या मागं पळतो. सुपावर जगू व्हय?"

"तुजा बाप जगतोय न्हवं?"

"माझ्या ऑफिसात लोक डाएट म्हणून हेच पितात," शेफाली म्हणाली. "आई, मला डब्यातपण द्या." समर्थनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं कुणी ऐन निवडणुकीत पक्ष बदलणाऱ्याकडं पाहावं. त्या दोघांच्या सात वर्षांच्या अक्षताला कुणी विचारलंच नाही. तिनं नुसतं विचारलं, "मॅगीपण नाही?" आणि आजीच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखलं.

दुसऱ्या दिवशी तिखटाचा डबा वरच्या फळीवर गेला. लग्नकार्याचं मोठं पातेलं खाली आलं. संध्याकाळी आठ वाजता जमिनीवर पाट मांडले, भिंतीशी पहिला पाट गेनबांचा. सगळ्यांना वाट्या भरून वाढल्या. गेनबांनी मान पुढं करून एकेकाच्या वाटीत पाहिलं. समर्थच्या वाटीत जरा जास्तच वेळ पाहिलं.

"समद्यास्नी ह्येच?"

"ह्येच."

त्यांनी चमचा उचलला. ती एक वाटी संपायला सव्वा तास लागला. गेनबा उठल्याशिवाय त्या घरात कुणी पानावरून उठत नाही, त्यामुळं सव्वा तास सगळे बसून राहिले. मालिका बुडाली, समर्थचे दोन फोन वाजून गेले, अक्षता आईच्या मांडीवर झोपली. वाटीचा तळ दिसला तेव्हा सोजरबाईंनी अर्धी वाटी अजून वाढली, आणि ती पण गेली.

तिथून पुढं घरात दुसरं कामच उरलं नाही. दिवसातून सहा वेळा वाटी, त्यातल्या दोन पंगतीत. सोजरबाई पहाटे शेंगदाणे सोलायच्या, दुपारी चाळणी घासायच्या. भोपळा नको झाला की गाजर, गाजर नको झालं की मसूर. घर चिडचिडं झालं. समर्थ एकदा आला तो तोंडाला वडापावचा वास घेऊन. सोजरबाईंनी नाक वर केलं. "भायेर खाल्लंस ते खाल्लंस. पंगतीत वाटी संपवायची." त्यानं मुकाट्यानं संपवली. खरं तर त्यांना स्वतःलाच तिखटाची इतकी आठवण यायची, की वरच्या फळीकडं त्या बघायच्याच नाहीत.

एका संध्याकाळी शकू सहज म्हणून डोकावली आणि पंगत बघून तिला राहवलं नाही. "अगं बया! येवढ्या जमिनी इकून प्येज पिताय?"

"व्हय," सोजरबाई म्हणाल्या. "बस, तुला बी वाढते."

नाही म्हणायची सोय नव्हती, कारण गेनबा तिच्याकडं बघत होते. वाटणीनंतर नऊ वर्षांनी शकू त्या पंगतीत बसली. तोंड वाकडं केलं, पण वाटी रिकामी केली. त्या दिवशी गेनबांनी मागून घेऊन सूप प्यायलं.

वजनाचा चढ मात्र सरळ नव्हता. नवव्या दिवशी तोंडातून रक्त आलं आणि दिवसभर घोटभरसुद्धा गेलं नाही. काटा पुन्हा मागं सरकला. सोजरबाई मोरीत गेल्या, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. आपण हरलो असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. मग तोंड धुतलं, बाहेर आल्या आणि डाळ धुवायला घेतली, कारण संध्याकाळच्या पंगतीची वेळ होत आली होती. त्या संध्याकाळीही सगळ्यांना सूपच वाढलं. गेनबांनी नुसतं पाटावर बसून पाहिलं. दुसऱ्या सकाळी त्यांनी आपणहून वाटी पुढं केली.

ठरलेल्या दिवशी सगळेच हॉस्पिटलात गेले. गेनबा काट्यावर चढले. सोजरबाईंना आकडे वाचता येत होते, तरी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि शेफालीचं मनगट इतकं आवळलं की तिच्या बांगडीचा वळ उठला.

"त्रेचाळीस आणि वर दोनशे ग्रॅम," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा वजन करायला लावलं. तेवढंच. "नळी नको," ते म्हणाले, आणि सोजरबाई तिथंच खुर्चीवर बसल्या. पुढचं डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढून सांगितलं. लाळेच्या ग्रंथी शेकानं सुकल्या होत्या, त्या आता परतायच्या नाहीत. तिखट, भाकरी, चावून खायचं काही, यांना यापुढं जमणार नाही. जे चाललंय तेच, जन्मभर.

परतताना समर्थ गाडी चालवत होता. पंधरा दिवस म्हणून काढले होते, आता जन्मभर कसं काढायचं, हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर होता आणि विचारायची हिंमत कुणात नव्हती. सोजरबाईंनी मनात ठरवून टाकलं होतं. जन्मभर तर जन्मभर. पातेलं एकच चढेल.

संध्याकाळी त्या डाळ निवडायला बसल्या, तेव्हा गेनबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"पोरास्नी कालवण कर. झणझणीत."

"आन तुमी?"

"मला माजं येगळं."

सोजरबाईंनी डाळीचं सुपडं बाजूला ठेवलं. गेनबांनी पुढचे शब्द एकेक करून, नीट जुळवून काढले. "म्या सांगतुया. म्या सांगितलं म्हंजी वाटणी न्हाय हुत."

तिखटाचा डबा खाली आला. पंधरा दिवसांनी त्या घरात फोडणी तडतडली, अक्षताला ठसका लागला आणि ती खुशीनं नाचली. समर्थनं लाज सोडून चार भाकऱ्या खाल्ल्या. पंगत तशीच बसली, भिंतीशी पहिला पाट गेनबांचा. सगळ्यांना वाढून झाल्यावर सोजरबाईंनी आपली वाटी घेतली आणि ती नवऱ्याच्या पातेल्यातून भरली.

"तू घे की कालवण," गेनबा म्हणाले.

"मला न्हाय सोसत आता. पित्त हुतंय."

हे धादांत खोटं होतं. हिरव्या मिरचीचा ठेचा भाकरीवर लोण्यासारखा थापून खाणारी ती बाई, पित्त म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. गेनबांनी तिच्याकडं बघितलं आणि चमचा उचलला.

त्यानंतर गेनबा अकरा वर्षं जगले. अकरा वर्षं सोजरबाईंना रोज संध्याकाळी पित्त होत राहिलं.