रोझासाहेबांच्या लेकीची गाडी

फार मागची गोष्ट नाही. कोल्हारात एका दुपारी प्रभुदास आणि त्याची बायको मेरी यांचं असं जुंपलं, की कुडापलीकडं भाकरी थापणाऱ्या शेजारणीनं हात थांबवला. थापण्याच्या आवाजात भांडण नीट ऐकू येईना.

“सगळा गाव प्रभुदासची गाडी, प्रभुदासची गाडी म्हणतोय. तुमचं काय हाय तिच्यात?” मेरी विचारत होती. “पुसायचं फडकं तरी तुमचं हाय का?”

“फडकं माझंच हाय.”

“ते माझ्या लुगड्याचं हाय!”

प्रभुदासनं बादली उचलली आणि तो गाडी धुवायला निघून गेला. भांडण पुढं ढकलायची त्याची हीच रीत.

गाडी होती हेल्गाबाईंची. बाई मूळच्या जर्मनीच्या. अंगावरून वारं गेलेल्या माणसांना हातपाय हलवायला शिकवायच्या. त्या माणसांना खेड्याखेड्यांतून आणायचं आणि परत पोचवायचं, हे प्रभुदासचं काम. कुणाला कोणत्या कुशीवर उचलायचं, कुणाच्या पाठीला उशी लावायची, हे त्याला विचारावं लागत नसे. नुसती त्याची जीभ जरा पुढं पळायची. समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत ह्याचं उत्तर तयार.

आता बाईंचं वय झालं. व्हिसा संपत आला आणि माघारी जायचं ठरलं. व्यायामाचं काम त्यांच्या हाताखाली शिकलेली शॅरन बघणार होती. बाई म्हणाल्या, “प्रभुदासभाऊ, व्हॅन तुमी घ्या. तुमच्या नावावर करू.” बाईंचं मराठी आळीतच शिकलेलं, त्यामुळं ते आळीसारखंच होतं.

प्रभुदासला आनंद झाला आणि घोरही लागला. बाई एकदा विमानात बसल्या की सही करायला कोण येणार? नाव बदललं नाही तर व्हॅन अंगणात गंजणार, आणि तिच्याशेजारी हाही.

मग बाई, प्रभुदास आणि एजंट तौफिक असे तिघं आरटीओ ऑफिसात गेले. फॉर्म भरले, फोटो चिकटवले. खिडकीतल्या साहेबांनी आधी गाडीचं पुस्तक पाहिलं, मग बाईंचा पोलिसांकडचा राहण्याचा कागद पाहिला, मग चष्मा काढून बाईंनाच पाहिलं.

“मॅडम, गाडीच्या पुस्तकात तुमच्या वडलांचं नाव रोझा आहे. ह्या कागदावर वॉल्टर आहे. वडील नक्की कोण?”

“रोझा!” प्रभुदास बाईंच्या आधी बोलला.

“वॉल्टर,” बाई म्हणाल्या. “रोझा माझी आजी. आईची आई.”

प्रभुदासला वाटलं, बाई उन्हानं गोंधळल्या. “बाई, असं कसं? तुमचं नाव हेल्गा रोझा ब्राउन. पहिलं आपलं, मधलं बापाचं, शेवटचं आडनाव.”

“न्हाई हो भाऊ. आमच्याकडं मधलं नाव कुणाचंबी ठेवतात. आईला आजीची लई माया हुती, म्हणून ठेवलं.”

तेव्हा उलगडा झाला. ही व्हॅन बाईंनी जुनीच घेतली होती. ती नावावर करताना तेव्हाच्या एजंटानं वडलांचं नाव विचारलं, बाई बाहेर लिंबाखाली बसलेल्या, आणि आत प्रभुदासनं बेधडक रोझा सांगून टाकलं होतं. तेव्हापासून बाईंची आजी सरकारदरबारी त्यांचा बाप होऊन बसली होती.

प्रभुदास बाईंकडं वळला. “म्हंजे… तुमचे वडील आजारी हुते तवा चर्चमधी मी उभं राहून प्रार्थना केली. रोझासाहेबांना बरं कर म्हणून.”

“वॉल्टर बरे झाले की,” बाई म्हणाल्या.

“चाचा, नाव चुकलं पण पोचलं बराबर,” तौफिक म्हणाला. खिडकीतले साहेब हसले, पण कागद त्यांनी परत सरकवलाच. आधी ही चूक निस्तरा, मग पुढचं.

तौफिकला उपाय पाठ होता. “सोपं हाय. प्रतिज्ञापत्र करू. रोझा आणि वॉल्टर ही एकाच व्यक्तीची नावं आहेत. सगळे असंच करतात.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “माझी आजी आन् माझे बाबा एकच माणूस?”

“कागदावर फक्त, मॅडम.”

“कागदावरबी न्हाई.”

“अहो बाई, आजीला काय कळणार हाय?” तौफिक काकुळतीला आला.

“मला कळतंय ना.”

प्रभुदास एकदा बाईंकडं बघे, एकदा तौफिककडं. खोटं लिहिलं तर गाडी मिळते आणि बाई रुसतात. खरं लिहायचं तर खरं नेमकं काय, तेच त्याच्या डोक्यात ठरेना. मधलं नाव बापाचं नसतं, तर माणूस कुणाचा ते ओळखायचं कशावरून? घाबरून त्यानं स्वतःचं आधार कार्ड काढून तौफिकपुढं धरलं. “माझं तरी बरोबर हाय का बघ. प्रभुदास यशवंत. यशवंत माझा बापच ना?”

“मला काय विचारता, चाचा!”

शेवटी तो खिडकीशी परत गेला. “साहेब, नाव मी सांगितलं हुतं. बाईंनी न्हाई. आमच्यात मधी बाप असतो, म्हणून मी धरून चाललो. हेच लिवून दिलं तर चालंल का?”

साहेबांनी थोडा विचार केला. “बाईंनी वडलांचं खरं नाव लिहून द्यावं, तुम्ही चूक कशी झाली ते लिहून द्या. दोन्ही शपथेवर.”

तसंच झालं. आधी वॉल्टर बाईंचे बाप झाले, मग व्हॅन प्रभुदासची झाली. तोवर बाईंचं सामानही बांधून झालं होतं.

निघायच्या दिवशी प्रभुदासनं नेहमीसारखी काच पुसली, टायर लाथेनं दाबून पाहिले. व्यायामाला आलेल्या मच्छिंद्रअण्णांना वाटेत बाभळेश्वरला उतरवायचं होतं, त्यांना डाव्या कुशीनं उचलून मागं बसवलं. बाई पुढं बसल्या.

“भाऊ, आता मालक तुमी,” बाई म्हणाल्या.

“व्हय बाई. काच वर घ्या, धुरळा येतोय.”

अण्णांना त्यांच्या ओट्यावर टेकवलं, सुनेला हाक मारून सांगितलं, आणि प्रभुदासनं गाडी शिर्डीच्या विमानतळाकडं वळवली.