फोनातले दोन अंगठे कोणाचे?

दोस्तहो, घाईघाईत लिहून राह्यलो, लिहिण्यात चुका असतीन.

आज बीबी गावाहून देऊळगाव राजाले मोटरसायकलवर चाललो होतो, मागं माझा दोस्त गजू. गाडी मी चालवतो अन् गाणे मागचा लावते, म्हणून फोनाचं लॉक उघडाले त्याच्या अंगठ्याचा ठसा मी कधीचाच माझ्या फोनात टाकून ठेवला. रस्त्यात भजे मस्त भेटले, ते जाऊ द्या.

भजे खाता खाता गजूनं माझ्या बँकेच्या ॲपवर सहज अंगठा ठेवला. ॲप उघडलं. आत मायच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे.

"अबे, बँकेनं मले जावई केलं काय?" गजू हासला.

मले हसूच आलं नाही. फोनात टाकलेला कोणताही अंगठा ॲपले चालते, हे मले माहीतच नव्हतं.

सेटिंग पाह्यली तं चार अंगठे निघाले. एक माझा, एक गजूचा. बाकीचे दोन? तिथं नाव नसते. गाडीवर मागं कितीक जण बसले, गाणे लावाले अंगठा टाकला अन् उतरून गेले, काही आठवत नाही.

ते दोन्ही पुसले. गजू हळूच म्हणे, "माझाबी पुस बे. उद्या पैसे गेले तं तू पहिले माझ्याकडंच पाहशीन."

पुसला. पैसे हायेत, पण भेव जाऊन नाही राह्यलं.

तुमच्या फोनात कोणाकोणाचे अंगठे हायेत, पाह्यलं काय कधी?