विहीणबाईंचे फिटिंग सेंटर

बसलेला माणूस दिसला की आमच्या विहीणबाईंना तो एकतर आजारी वाटतो, नाहीतर गुन्हेगार. तिसरी शक्यता त्या मानतच नाहीत. माझ्या मुलीला बघायला त्या पहिल्यांदा आमच्या आकुर्डीच्या घरी आल्या, तेव्हा मी रीतीप्रमाणे सोफ्यावर बसून मुलीच्या शिक्षणाचं आणि स्वयंपाकाचं कौतुक जिभेवर जुळवत होतो. विहीणबाईंनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि मुलीला म्हणाल्या, "बाळा, खाली मांडी घाल, आन् हात न टेकता उठून दाव." मुलगी उठली. पत्रिका तिथंच जुळली. मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "इवाई, आता तुमी." त्यांच्या जुन्या मावळी बोलीत व्याह्याला इवाई म्हणतात. मी खाली बसलो; बसण्यात मी कधी कमी पडलेलो नाही. उठताना मात्र टीपॉयचा आधार घेतला, टीपॉय माझ्यासकट कलंडला आणि सगळा चहा होणाऱ्या जावयाच्या पँटवर गेला. सोयरीक झाली, पण त्या दिवसापासून विहीणबाईंची नजर माझ्यावर बसली. त्यांचं बसलेलं असं तेवढंच.

लग्नात वराची आई म्हणजे काय प्रकरण असतं, हे आमच्याकडच्या बायकांना चांगलं ठाऊक होतं. माझी बायको तोवर गेलेली, म्हणून मानपानाचं सगळं माझ्या बहिणीनं अंगावर घेतलं होतं. विहीण कशाकशावरून रुसेल आणि तिला कसं मनवायचं, याची तिनं आठवडाभर उजळणी केली होती. पण रुसायला विहीण जागेवर सापडायला तर हवी. बहीण तबकात साडी घेऊन कार्यालयभर हिंडली आणि शेवटी बाई सापडल्या त्या भटारखान्यात. आचाऱ्याच्या दोन गड्यांना बाजूला सारून मसालेभाताचं पातेलं उचलत होत्या आणि त्यांना सांगत होत्या, "कंबर न्हाई रं, गुडघं वाकवा." बहीण अजून म्हणते, एवढी तयारी केली आणि बाई एकदाही रुसल्या नाहीत, यात आपलाच अपमान झाला.

तर विहीणबाईंची जिम आहे. सासरची जमीन फार पूर्वीच कारखान्यांत गेली, नवऱ्याच्या माघारी म्हशीही विकल्या, उरला तो गोठा. दुसऱ्या कुणी तिथं भाड्याच्या खोल्या काढल्या असत्या. यांनी फरशी घातली, पुढं शटर बसवलं, गव्हाणीत डंबेल मांडले आणि म्हशी बांधायच्या कड्यांना व्यायामाचे रबरी पट्टे अडकवले. पाटी रंगवणाऱ्याला 'फिटनेस सेंटर' लिहायला सांगितलं होतं. त्याचा जन्म वर्कशॉपच्या पाट्या रंगवण्यात गेलेला. त्यानं 'फिटिंग सेंटर' लिहिलं. पहिल्याच दिवशी एक बाई सैल झालेला ब्लाउज घेऊन आल्या आणि एक गृहस्थ गळका नळ घेऊन. दोघंही आजतागायत तिथं व्यायाम करतात. पाटी दुरुस्त करून घ्या म्हटलं, तर विहीणबाई म्हणाल्या, "चुकलंय काय त्यात? मानसं ढिली झाल्यात, आमी आवळतो."

त्यांना किलो कळत नाहीत असं नाही, पण किलोवर त्यांचा विश्वास नाही. त्यांच्याकडे वजनं घरगुती भाषेत चालतात. हलकं म्हणजे भरलेली कळशी, त्याच्यावर गॅसचं सिलिंडर, त्याच्यावर गव्हाचं पोतं. सगळ्यात जड वजनाला त्या 'रुसलेलं पोर' म्हणतात, कारण ते उचलताना अंग टाकतं. नव्यानं आलेली एखादी बाई "मला नाही हो जमणार" म्हणाली, की त्या तिला एवढंच विचारतात, "रोज काय उचलतीस?" ती सांगायला लागते, आणि सांगता सांगता तिचं तिलाच नवल वाटायला लागतं.

आकडे मोजण्यात मात्र त्यांचा हात कुणी धरू नये. बारा, तेरा, चौदा असं मोजताना त्यांना मध्येच कुणाच्या नणंदेची चौकशी आठवते. चौकशी पूर्ण होईपर्यंत सगळ्या बायका अर्धवट वाकून उभ्या. चौकशी संपली की विहीणबाई पुन्हा सुरू करतात, दहापासून. कुणी चूक दाखवली तर पुन्हा एकपासून, म्हणून आता कुणी दाखवत नाही. आणि दांडी मारणाऱ्याची तर खैरच नाही. ओळीनं दोन-तीन दिवस कुणी आलं नाही की विहीणबाईंची स्कूटर त्याच्या दारात. सोयरिकीनंतर मलाही त्यांनी संध्याकाळच्या बॅचमध्ये ओढलं होतं; एकदा त्या बॅचचे एक निवृत्त सुपरवायझर त्यांना मंडईत बघून फ्लॉवरच्या ढिगामागं लपले. विहीणबाईंनी भाजीवाल्याशी शांतपणे भाव केला, फ्लॉवर घेतला आणि ढिगाकडे बघून म्हणाल्या, "सायेब, हितं वाकता येतंय तर तितं काय हुतंय?"

मध्यंतरी हमरस्त्यावर एक एसीवाली, चकचकीत जिम निघाली. आम्हा सगळ्यांना विहीणबाईंची काळजी लागली. त्या स्वतः जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, "आरसंच आरसं. मानूस व्यायामाला येतंय का दाढी करायला?" चार-सहा तरुण मंडळी तिकडं गेली, त्यातली दोन परत आली. तिथं आपण आलो नाही तरी कुणी विचारत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

खरी काळजी वेगळ्याच बाजूनं आली. जावई चाकणच्या कंपनीत. कंपनीनं गुजरातेत नवा प्लांट टाकला आणि त्याला तिकडं बढतीवर पाठवायचं ठरलं. माझी मुलगी जाणार हे उघडच होतं. पण जावई एकुलता एक, आईला एकटी सोडून जायला तयार नाही. "आई, खूप झालं, जिम बंद कर आणि चल आमच्याबरोबर," असं त्यानं दहादा सांगून पाहिलं. शेवटी तो माझ्याकडे आला. "बाबा, तुमचं ती ऐकेल. तुम्हीच समजवा." विहीणबाई माझं ऐकतील ही जावयाची समजूत ऐकून मला बरं वाटलं आणि मी शब्द दिला. सरळच सांगतो, मला त्या जायला नको होत्या. मुलगी सासरी गेल्यापासून माझ्या घरात टीव्हीशिवाय कुणी बोलत नव्हतं. दिवसभर वाट बघावी असं काही असेल तर ती जिम, आणि त्या जिममध्ये माझ्यावर ओरडणारी ही बाई.

पण शब्द दिला होता. मी संध्याकाळच्या बॅचला गेलो आणि म्हटलं, "विहीणबाई, थोडं बोलायचं होतं." त्या म्हणाल्या, "बोला की. पर बसून न्हाई, प्लँक लावा." प्लँक म्हणजे कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर पालथं तरंगत राहायचं. मी तरंगलो. म्हटलं, "मुलांचं म्हणणं बरोबर आहे. या वयात एकटं..." एवढ्यात माझं पोट थरथरायला लागलं. "एकटं राहणं... म्हणजे आजारी..." आणि मी सपाट झालो. विहीणबाईंनी वरून बघितलं. "झालं सांगून? इवाई, तुमच्यानं दोन वाक्यं हुईनात, आन् मला गाव सोडाया सांगताय." बाकीची मंडळी हसली, मीही चटईत तोंड खुपसून हसलो.

रात्री जावयाचा फोन आला, "विचारलंत का?" म्हणून दुसऱ्या दिवशी मी सकाळीच निघालो, प्लँक न लावता बोलायचं असं ठरवून. साडेसातचा सुमार. जिमचं शटर अर्धं खाली, आणि बाहेर पालथ्या बादलीवर विहीणबाई चक्क बसलेल्या. मला वाटलं, बरं नाही की काय. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. बॅच चालू हाय."

आत आवाज तर काहीच नव्हता. मी वाकून शटरखालून बघितलं. वीसेक बायका चटयांवर गाढ झोपल्या होत्या. कंपनीच्या साड्या, कंपनीचे डगले, गळ्यात ओळखपत्रं, कुणाचा हात डोळ्यांवर, कुणाचा शेजारणीच्या अंगावर.

"म्हाळुंग्याच्या कारखान्यांतनं रातपाळीच्या सुटून येत्यात," विहीणबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "धा मिंटं हातपाय हलवायचं, मंग अर्धा तास झोप. घरी गेलं की डबं हायत, पोरं हायत, सासरा हाय, कोन झोपू देतंय? जिमला जाती म्हनलं की घरची मानसं नावं ठेवत्यात, पर अडवत न्हाईत. झोपाया जाती म्हनलं तर कोन सोडंल का?" तेवढ्यात, बायकांनी त्यांच्याकडे ठेवायला दिलेल्या फोनांतला एक वाजला. त्यांनी तो उचलला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "व्हय, व्यायाम चालू हाय तिचा. लई घाम गाळती पोरगी." फोन ठेवून पुन्हा कुजबुजल्या, "बोला इवाई, काय म्हनत हुता तुमी?"

मी म्हटलं, "काही नाही." आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो. मला उठा म्हणाल्या नाहीत. घरी येऊन मी जावयाला फोन केला. म्हटलं, "तुझी आई येणार नाही, आणि मी आता तिला सांगणारही नाही." तो म्हणाला, "मला माहीत होतं, बाबा."

सामानाचा टेम्पो सुटला त्या दिवशी विहीणबाईंनी कपाट स्वतः चढवलं, हमालांना दम भरला, सुनेला पोटाशी धरलं आणि लेकाला म्हणाल्या, "पाठ ताठ ठेवीत जा." गाडी वळणाआड गेली. मुलांमुळं भरलेलं वाटणारं अंगण एकदम ओकं झालं. आम्ही दोघंच उरलो होतो.

मग त्या म्हणाल्या, "इवाई, पोरं तर गेली तकडं. त्यांच्यामुळं आपलं नातं. आता हितं तुमी माझं कोन, आन् मी तुमची कोन?"

मी नोकरीचा सगळा काळ कंपनीच्या स्टोअर्समध्ये काढला. कुठली वस्तू कुठल्या नावाखाली लावायची, एवढंच मला येतं. पण याला माझ्याकडे नाव नव्हतं. शेवटी मी विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"

त्यांनी डोळ्यांवरून पदर फिरवला. "पहाटं साडेपाचला या. आताशा शटर माज्या एकटीच्यानं वर जाईना."

ते शटर त्या एका हातानं उघडताना मी कितीदा बघितलं होतं. पण बोललो नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला गेलो, तर विहीणबाई कुलूप काढून, शटरला हात न लावता, माझी वाट बघत उभ्या होत्या. दोघांनी मिळून वर ढकललं.