वेल्डिंग केलेला अणू

परवा फोनवर तुमच्यातल्या धाकटीनं वहीतला अणू दाखवला. मधे ठिपका, भोवती पुसट ढग. "आजी, तुझ्या वेळी असाच होता का?" मी विषय बदलला. उत्तर लांब होतं. आता क्रमानं लिहिते.

भोपाळच्या टाउनशिपमध्ये आम्ही नवे होतो. तुमचे आजोबा कारखान्यात इंजिनिअर आणि मी टाउनशिपच्या मुलींच्या शाळेत अकरावीला रसायनशास्त्र शिकवायची, पण तात्पुरत्या नेमणुकीवर. कायम व्हायचं तर निरीक्षकांसमोर एक पाठ द्यायचा होता. मी अणू निवडला. मला त्यातला क्रम आवडायचा: आधी भरीव गोळी, मग कलिंगडाच्या गरात बिया रुतल्यासारखा, मग मधे केंद्रक आणि बाकी जवळजवळ पोकळी, शेवटी ठरलेल्या कक्षांत फिरणारे इलेक्ट्रॉन. चार मॉडेलं, चाळीस मिनिटं.

शेवटचं मॉडेल आजोबांनी परवानगी काढून कारखान्यातल्या भंगारातून करवून आणलं. लोखंडी कड्या, त्यांवर बेअरिंगच्या गोळ्या, वर यंत्रांना देतात तो राखाडी रंग. मी एक इलेक्ट्रॉन बोटानं ढकलला. तो हलेना.

"अहो, हे फिरायला हवेत!"

"ड्रॉइंगमध्ये तसं लिहिलं नव्हतंस. आमच्याकडे लिहिलं नसेल तर सगळं पक्कंच करतात. हा अणू काही फुटायचा नाही बघ."

वर्गात रंगीत तालीम घेतली. ज्या वेल्डरनं ते जोडलं होतं, त्याचीच मुलगी पहिल्या बाकावर बसायची. तिनं हात वर केला. "मॅडम, फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा बाहेर टाकतो ना? मग तो आत का पडत नाही?"

"ठरलेल्या कक्षेत असताना टाकत नाही."

"क्यों?"

"तसं मानलेलं आहे."

"किसने माना?"

वर्ग हसला. "परीक्षेत हे येत नाही. बस खाली," मी म्हणाले.

मग पाच दिवस चैन पडली नाही. भात दोनदा लागला. कॉलेजची वही काढली. माझ्या सुवाच्य अक्षरात एकच इंग्रजी वाक्य होतं, ‘असे गृहीत धरावे’ अशा अर्थाचं, आणि त्याखाली लाल शाईची रेघ मीच मारलेली. वाचनालयातलं जाडं पुस्तक आणलं, तर पुढे त्या कड्याच सोडून दिल्याचं त्यात लिहिलेलं. म्हणजे मी ज्याला शेवट म्हणत होते तो शेवट नव्हताच. पुढची गणितं काही कळेनात. उठायची, पाणी प्यायची, पुन्हा तेच पान. शेवटी त्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, "उद्या प्रश्न नको हं." ती म्हणाली, "जी, मॅडम."

दुसऱ्या दिवशी पाठ मिनिटाबरहुकूम झाला. निरीक्षकांनी कडीवर टिचकी मारली. "मज़बूत बना है! कोई प्रश्न?"

ती मुलगी मान खाली घालून बसली होती आणि डाव्या हातानं उजवा हात बाकावर दाबून धरला होता. मला ते बघवेना. अजून दोन मिनिटं ती गप्प राहिली असती, तर मी कायम झाले असते.

"हिला विचारायचंय," मी म्हणाले.

तिनं विचारलं. मी सांगितलं, "याचं उत्तर या कड्यांत नाही. पुढे लोकांनी कड्या सोडल्या. इलेक्ट्रॉन अमुक वाटेनं जातो असं म्हणणं थांबवलं; कुठे सापडायची शक्यता किती, तेवढंच सांगू लागले. त्याला ढग म्हणतात. तो मला अजून पुरता समजलेला नाही."

निरीक्षक बराच वेळ लिहीत होते.

महिन्यानं पत्र आलं. विषयाची तयारी अपुरी. वर्षभरानं पुन्हा पाठ द्यावा. "बोलायची काय गरज होती?" आजोबा म्हणाले. तयारी अपुरी होती हे खरंच होतं.

त्या रविवारी तो वेल्डर लोखंड कापायची करवत घेऊन दारात उभा. "बहनजी, बेटी कहती है कड़े ग़लत हैं. काट दूँ?"

"राहू द्या," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी पाठ इथूनच सुरू करायचाय. आणि तिला संध्याकाळी पाठवा. ते जाडं पुस्तक दोघी मिळून वाचू."