वन्संचा एक्सक्लुझिव्ह झगा

वन्संच्या कपड्यांच्या दुकानात काचेवर मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता: एक्सक्लुझिव्ह. मागच्या खोलीत मान मोडेपर्यंत शिवायचं त्यांच्या भावजयीने, म्हणजे वहिनीने, आणि पुढे मिरवायचं वन्संनी.

एकदा वहिनीने विचारलं होतं, त्या शब्दाचा अर्थ महाग असाच ना? वन्सं हसल्या. नुसतं महाग नव्हे, दुसऱ्या कुणाकडे नाही असं, म्हणून महाग. वहिनीला तो अर्थ समजला, आवडला मात्र नाही.

पुढे वहिनीच्या लेकीचं लग्न ठरलं. आईनेच कापलेला आणि शिवलेला काचेतला निळा झगा लेकीच्या मनात भरला होता. कापड मी आणते, तसाच एक शिवते, असं वहिनी म्हणाली. वन्संनी गिऱ्हाइकांदेखत, लेकीच्या तोंडावर सुनावलं, "तो एक्सक्लुझिव्ह आहे, वहिनी. घरच्या माणसांना घालून त्याची किंमत घालवू?"

लेक शेजारणीकडून मागून आणलेल्या कपड्यांत लग्नाला उभी राहिली. फोटोत ती हसलेली नाही. वहिनीने तो फोटो मशीनसमोर टांगला, म्हणजे राग शिळा होऊ नये. कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा केवढा डूख. म्हणू दे. लेक त्याची नव्हती.

शिवणारी आधी कागद कापते, मग कापड, आणि कागद कधी टाकत नाही. दुकानाच्या वाढदिवसाला वन्सं तोच झगा घालणार असं कळलं, तसा वहिनीने त्या झग्याचा कागद बाहेर काढला. स्वस्तातलं निळं कापड आणलं आणि घरच्या मशीनवर बसली.

वाढदिवसाला वन्सं नटूनथटून दारात उभ्या होत्या. आधी इस्त्रीवाली आली. मग झाडूवाली, फळवाली आणि शेवटी लेक. सगळ्यांच्या अंगावर तसाच निळा झगा, त्याच चुण्या, तोच गळा. एका बड्या बाईंनी फळवालीला झगा कुठला म्हणून विचारलं. तिने मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. कुणीतरी फिसकन हसलं, आणि वन्सं कानापर्यंत लाल झाल्या.

त्या तरातरा आत आल्या. "घरच्या माणसाने असं करावं, वहिनी?"

"घरच्या माणसांनी घातला की किंमत जाते, असं तुम्हीच म्हणालात, वन्सं. किती जाते ते बघायचं होतं."

काळजाला इतका गारवा वहिनीला कधी मिळाला नव्हता. तिने आपली कात्री उचलली, भिंतीवरचा फोटो काढला आणि लेकीला घेऊन थेट फोटोवाल्याकडे गेली. हसा, असं त्याला सांगावं लागलं नाही.