तारेची विचारपूस

युगांडातल्या आमच्या फोर्ट पोर्टलमध्ये माणसाचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर लागतं, पोलीस ठाण्यात लागतं आणि शेवटी थडग्यावर लागतं. एरवी प्रत्येकाला बारशाला मिळालेलं एक लाडाचं नाव असतं आणि हाक त्याच नावाने मारायची. अशी नावं सगळी मिळून दहाबाराच. तीच गावभर वाटलेली. त्यामुळे बाजारात 'अराली' म्हणून ओरडलं की चाळीस माणसं वळून बघतात. पण 'खांबावरचा अराली' म्हटलं की एकच.

कागदोपत्री तो जोसेफात काइजा, वीज कंपनीतला लाइनमन. उंच, काटकुळा, हात गुडघ्यापर्यंत. जमिनीवर चालताना दर दहा पावलांना ठेच लागायची. त्याची बायको आमोटी म्हणायची, "यांना देवाने खांबासाठी केलं आणि चुकून रस्त्यावर सोडलं." आमोटीची कंपनीच्या फाटकाशी चहाची टपरी होती. दुधात उकळलेला आल्याचा चहा पीत अख्खं ऑफिस तिथेच भरायचं. कंपनीकडून काही हवं असेल तर आत अर्ज करायचा आणि उत्तर टपरीवर ऐकायचं, अशी पद्धत पडली होती.

सव्वीस वर्षं अराली खांबावर चढत होता, आणि या सव्वीस वर्षांत त्याने बांधलेली एकही तार तुटून खाली आली नव्हती. वादळात खांब पडले, निलगिरीची झाडं कोसळली, एकदा तर मालट्रकने खांबच उचलून नेला, पण ते वेगळं. आपणहून तुटली नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि त्याला दुसरं काही नको होतं. "घड्याळ देऊ नका, भाषण करू नका," तो म्हणायचा. "नुसतं एवढं म्हणा, याची तार पडली नाही. आणि मग मला जेवायला वाढा."

याचं अर्धं श्रेय तो अतेन्यीला द्यायचा. अतेन्यी म्हणजे त्याचं तार ताणायचं हातयंत्र. हातभर लांबीचं लोखंडी धूड. एका टोकाला आकडा, दुसऱ्या टोकाला तार चावून धरणारा जबडा, मधे पोलादी दोराचं रीळ आणि एक दांडा. आकडा खांबाला अडकवायचा, जबडा तारेला लावायचा आणि दांडा मागेपुढे करत बसायचं. दर वेळी 'खट' होतं आणि तार बोटभर जवळ येते. हे यंत्र त्याला जुन्या फोरमनने निवृत्त होताना दिलं होतं. फोरमनचं लाडाचं नाव अतेन्यी, आणि गोष्टीतल्या, नदीत राहणाऱ्या अजगराचंही अतेन्यी. यंत्राला नाव कोणावरून पडलं, हे फोरमन जिवंत असेपर्यंत कोणी विचारलं नाही. त्याने ते दोन्ही हातांनी अरालीच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, "अराली, आजपासून तुझी. उसनी कुणाला देऊ नकोस. जाशील तेव्हा तुझ्यासारख्यालाच दे." पहिल्याच महिन्यात ती खांबावरून दगडावर पडली आणि जबड्याचा एक दात तुटला. तेव्हापासून ती जी तार चावेल, तिच्यावर सात वर्षांच्या पोराच्या हसण्यासारखी खूण उमटायची. मधे फट.

तार किती ताणायची, यालाही शास्त्र आहे. ताणून झाली की अराली तिला तळहाताने एक थाप द्यायचा. थापेची लाट पलीकडच्या खांबापर्यंत जाते आणि परत येऊन बोटांना लागते. ती तिसऱ्यांदा परत यायला किती वेळ लागला, यावरून तारेचा झोळ कळतो. साहेब लोक हे घड्याळावर मोजतात. अराली रामरामावर मोजायचा. आमच्याकडचा रामराम काही एका शब्दात आटपत नाही. थाप मारून तो तारेलाही लाडाच्या नावाने हाक मारून विचारायचा, "रात्र कशी गेली, अब्वोली? गुरं बरी आहेत? पोरंबाळं बरी आहेत? पाऊस झाला का तिकडे?" पावसाशी तिसरी लाट आली तर तार बरोबर. पोराबाळांवरच आली तर फार ताठ. आणि दुपारच्या उन्हात ताणली असेल तर वर तीन खटके सैल सोडायचे, कारण पहाटे रुवेनझोरीच्या डोंगरावरून गारठा उतरतो आणि तार अंग चोरून घेते. तिला अंग चोरायला जागा ठेवली नाही, तर ती तुटते.

खाली दोर धरून उभा असायचा कासोरो. विन्सेंट कासोरो, लाडाचं नाव अपूली. गोल, हसरा, एकोणीस वर्षं अरालीचा जोडीदार. हत्यारं दोराने वर पाठवायची आणि खालून बडबड करायची, हे त्याचं काम. त्यातलं दुसरं तो जास्त मन लावून करायचा.

"अराली, काय म्हणते तुझी अब्वोली?"

"गुरं बरी आहेत म्हणते."

"दूध देते का विचार! आमोटीच्या टपरीवर आज कमी पडलंय."

अरालीच्या धाकट्या मुलीच्या बारशाला तिचं नाव कासोरोनेच सुचवलं होतं. दुपारी दोघं एकाच पानावर जेवायचे. नाचणीचा गोळा आणि घोटलेल्या घेवड्याचं कालवण, आणि शेवटचा घास कोणी घ्यायचा यावर रोज भांडण. अतेन्यी पुढे कोणाकडे जाणार, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. दोन वर्षांचाच प्रश्न होता.

एका शनिवारी सकाळी कासोरो घरी आला.

"अराली, तुझी अजगरीण एक दिवस दे की. गोठ्याचा खांब कललाय, ओढून सरळ करतो."

आमोटी आतून म्हणाली, "अपूली, त्यापेक्षा यांनाच घेऊन जा. हे मी उसने देते. ती नाही मिळायची."

सगळे हसले. आणि अराली उठला, खुंटीवरची अतेन्यी काढली आणि कासोरोच्या खांद्यावर टाकली. "ने बाबा. नाहीतरी तुझीच आहे."

संध्याकाळी ती परत आली. पुसून, तेल लावून, लखलखीत. अराली आमोटीला म्हणाला, "बघ, गोठ्यात नेऊन इतकी स्वच्छ आणली. याला म्हणतात कदर." गोठ्यात गेलेली वस्तू इतकी स्वच्छ कशी येते, हा प्रश्न त्याला पडला नाही. आमोटीला पडला होता, पण टपरीचं दूध उतू चाललं होतं.

बुधवारी पहाटे कडाक्याचा गारठा पडला आणि चहामळ्यावरची तार तुटली.

तुटली ती मळ्याच्या मॅनेजरच्या गाभण गाईवर. लांब शिंगांची, अख्ख्या मळ्यात जिचा फोटो लावलेला, ती गाय जागच्या जागी गेली. पत्ती वाळवायची भट्टी दोन दिवस बंद. आमच्याकडे माणसाच्या मयताला लोक दुपारी येतात, गाईच्या मयताला सकाळीच. त्यामुळे नऊ वाजेपर्यंत गावभर झालं, की खांबावरच्या अरालीची तार पडली. ती तार त्यानेच दोन वर्षांपूर्वी बांधलेली.

चौकशीला कंपालाहून सेंपिजा नावाचे इंजिनियर साहेब आले. माणूस वाईट नव्हता. पण ते राजधानीकडचे. त्यांच्याकडे लाडाच्या नावांची रीत नाही. ते सगळ्यांना मिस्टर म्हणायचे आणि आपल्याला कोणी चहा का पाजत नाही, याचं नवल करायचे. चौकशी ऑफिसच्या व्हरांड्यात झाली. समोरच टपरी, त्यामुळे चहाचं गिऱ्हाईक त्या दिवशी दुप्पट होतं.

टेबलावर तुटलेल्या तारेचा तुकडा होता. त्यावर जबड्याच्या दोन खुणा. एक जुनी, करडी पडलेली, तर दुसरी तिच्यापुढे वीतभर, कोरी, चकाकणारी. दोन्हीत मधे फट.

"हे यंत्र कोणाचं?"

"माझं, साहेब."

"म्हणजे हल्लीच कोणीतरी ही तार पुन्हा ताणली आहे, आणि या यंत्राने. तुम्ही?"

"नाही साहेब. मी ताणली असती तर तीन खटके सोडले असते." अरालीला अजून हसू येत होतं, कारण उत्तर त्याच्याकडे तयार होतं. ते व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभं होतं. "शनिवारी अतेन्यी माझ्याकडे नव्हती. अपूलीकडे होती. अपूली, सांग साहेबांना. तुझ्याकडून कोणी नेली होती का?"

बघा, कासोरोने ती वापरली असेल, हे तेव्हाही त्याच्या मनात आलं नव्हतं.

कासोरो पुढे आला. टोपी काढली. साहेबांकडे बघत म्हणाला, "साहेब, मिस्टर काइजांची काहीतरी गफलत होतेय."

टपरीवर कोणाचा तरी चहा ओठाशीच थांबला.

आमच्याकडे नवराबायकोचं भांडण झालं की शेजाऱ्यांना आरडाओरडा ऐकावा लागत नाही. एकाने दुसऱ्याला लाडाच्या नावाने हाक मारली नाही, की समजायचं. भावाने भावाचं नाव टाकलं की जमिनीची वाटणी आली. एकोणीस वर्षांत कासोरोच्या तोंडून 'मिस्टर काइजा' कोणी ऐकलं नव्हतं. अरालीने तर मागे वळून पाहिलं. मिस्टर काइजा म्हणजे त्याचा बाप, आणि त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"मी ते यंत्र कधी मागितलं नाही," कासोरो पुढे म्हणाला. "मागून करू काय, साहेब? मी खालचा माणूस. दोर धरतो. दांडा कसा चालवतात, तेसुद्धा मला ठाऊक नाही. उंचावर मला चक्कर येते."

साहेबांनी लिहून घेतलं.

त्या घटकेला टपरीवरच्या प्रत्येकाला कळलं, की हा खोटं बोलतोय. पायात काटा मोडावा इतकं स्पष्ट. डोळ्याला डोळा भिडवून 'अराली' म्हणून खोटं बोलणं त्याला जमलं नाही, म्हणून त्याने आधी नाव बाजूला ठेवलं आणि मग खोटं बोलला. सगळ्या फोर्ट पोर्टलला जे ऐकू आलं, ते एकट्या सेंपिजा साहेबांना आलं नाही, आणि लिहिण्याचा अधिकार एकट्या त्यांनाच होता.

"मिस्टर काइजा, तुम्हाला काही म्हणायचंय?"

अराली कासोरोकडे बघत होता. त्याची वाट चुकलेल्या माणसासारखी गत झाली होती. तो एवढंच म्हणाला, "अपूली, गोठ्याचा खांब सरळ झाला का रे?"

साहेबांनी हे लिहून घेतलं नाही. त्यांना त्याचा संबंध कळला नाही.

आमोटीने मात्र चहाचं भांडं तसंच ठेवलं आणि व्हरांड्याच्या पायरीशी येऊन म्हणाली, "साहेब, माझ्या घरातून नेलंय त्याने. माझ्या डोळ्यांसमोर."

"तुम्ही यांच्या कोण?"

"बायको."

साहेबांनी मान हलवली. बायकोची साक्ष कुठे धरतात!

अरालीला दोन वर्षं आधी घरी बसवलं. कमरेचा पट्टा आणि शिडी जमा करून घेतली. अतेन्यी त्याची स्वतःची, म्हणून ती तेवढी घरी आली. निरोपाचं जेवण झालं नाही. त्याच्या जागी कासोरोला नेमलं, खांबावर चढायला हाताखाली दोन कंत्राटी माणसं. खरी गोष्ट नंतर तुकड्यातुकड्याने बाहेर आली. मळ्याच्या मॅनेजरला बंगल्यासमोर लोंबणारी तार बघवत नव्हती. पाहुणे यायचे होते. त्याने कासोरोला सांगितलं, जरा वर ओढ. कासोरोने भर दुपारी ओढली. पण हे सगळं टपरीवर सिद्ध झालं, आणि टपरीवरचे निकाल कंपालाला जात नाहीत.

अराली घरी बागकाम करू लागला. म्हणजे केळीच्या बागेत ठेचा खाऊ लागला. शेजारी यायचे. कोणाचं कुंपण ओढून दे, कोणाची कपड्यांची तार. तो अतेन्यी घेऊन जायचा, कपड्यांच्या तारेलाही थाप मारायचा. पण विचारपूस करायचा नाही. नुसता मोजायचा, एक, दोन, तीन. आमोटीच्या ते लक्षात आलं.

सात महिन्यांनी टेकडीवरच्या प्रसूतिगृहाकडे जाणाऱ्या तारेवर निलगिरी पडली. तीन दिवस तिथे कंदिलावर बाळंतपणं चालली होती. कंपनीचं नवं यंत्र जुन्या तारेवरून घसरत होतं. चौथ्या दिवशी सकाळी कासोरो अंगणात येऊन उभा राहिला. बारीक झाला होता.

"अराली, रात्र कशी गेली?"

आमोटी सवयीने, पाहुण्यापुढे ठेवायची भाजलेल्या कॉफीच्या बियांची परडी घेऊन बाहेर आली. पाहुणा कोण ते बघितलं आणि परडी घेऊन तशीच आत गेली.

अराली उठला. "या, मिस्टर कासोरो."

कासोरोने मान खाली घातली. मग तो म्हणाला, "दवाखान्याची तार आहे. नवं यंत्र पकडत नाही. तू आलास तर... नाहीतर नुसती ती दिलीस तरी..."

"अहो, देऊ नका," आतून आवाज आला. मग जरा थांबून, "पण तिथे शेजारच्या अकीकीची सून आहे. आज-उद्याच आहे तिचं बाळंतपण."

अरालीने खुंटीवरून अतेन्यी काढली. जुन्या फोरमनने दिली होती तशी दोन्ही हातांनी नाही. एका हाताने पुढे केली.

"घेऊन जा, मिस्टर कासोरो. पण दांडा चालवणार कोण? तुम्हाला तर येत नाही."

कासोरोने ती घेतली, खांद्यावर टाकली आणि टेकडीची वाट धरली.

प्रसूतिगृहाचा खांब अरालीच्या केळीच्या वरच्याच अंगाला होता. दुपारचं ऊन होतं. अराली ओसरीवर पाठ करून बसला, पण कान फिरवता येत नाहीत. खट, खट, खट. सावकाश, अंदाज घेत, मधेच थांबून. कंत्राटी माणसांचा हात नव्हता तो. मग थाप ऐकू आली. आणि खांबावरून कासोरोचा आवाज, दबका पण शांत दुपारी स्पष्ट:

"रात्र कशी गेली, अब्वोली? गुरं बरी आहेत? पोरंबाळं बरी आहेत? पाऊस झाला का तिकडे?"

थोडा वेळ गेला. मग दांडा उलटा फिरला. खट. खट. खट. तीन. बरोबर तीन.

आमोटी दारात येऊन उभी होती. तिनेही मोजले होते.

"अहो अराली," ती म्हणाली, "धरेल का हो तार?"

"धरेल. गारठा आला तरी धरेल." तो उठला आणि अतेन्यीची रिकामी खुंटी भिंतीतून उपटू लागला. खुंटी घट्ट होती, त्याचीच ठोकलेली. "संध्याकाळी तो अतेन्यी परत द्यायला येईल. सांग त्याला, तुझ्याकडेच ठेव म्हणावं. आता इथे टांगायला जागा नाही."