तळ्यातला पेंढा

बदली होऊन या गावात मी एकटाच राहायला आलो, तेव्हा संध्याकाळी तळ्याकाठी जाऊन बसायचो. थंडी ओसरत होती. एकदा शेजारच्या द्वारकाकाकू कांद्याच्या जाळीदार गोणीत भाताचा पेंढा भरून ती दोरीने पाण्यात सोडताना दिसल्या.

“पेंढा कुजायला लागला, की नवं शेवाळ धरत नाही,” त्या म्हणाल्या. “गेल्या उन्हाळ्यात हिरवं पाणी प्याली आणि माझी म्हस गेली.”

“पण आता तुमच्याकडे जनावर कुठंय?”

“दुसऱ्यांची येतात ना प्यायला.”

पुढच्या गोणीची दोरी मी धरली. कुजत जाणारी वस्तू पाणी निवळ ठेवते, याचं मला कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. आत साचलेलं दुःखही असंच कुणाच्या उपयोगी पडत असेल का?

दीडेक महिन्याने पाणी निवळलं. कुणाचीशी म्हैस आली, पोटभर प्यायली आणि निघून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत काकू बघत राहिल्या.

“काळोख पडेल काकू, निघायचं?”

“बसू की जरा. घरी कोण वाट बघतंय?”

मी परत खाली बसलो. मलाही घाई नव्हती.